रोखा सुरक्षित, पण जोखीम कोणाच्या खांद्यावर?



आपल्या वस्त्यांमध्ये आता पहिल्या-दुसऱ्या पिढीचा पगार, ग्रॅच्युइटी, निवृत्तीचा पैसा येऊ लागला आहे. त्याच्या मागोमाग रोखे विकणारेही येतात. "सरकारी रोखा बुडत नाही, कंपनीचा रोखा व्याज जास्त देतो," एवढे सांगून सही घेतात. आमचे म्हणणे असे की, रोखा सुरक्षित आहे का, हा प्रश्न अर्धवट आहे. तोटा झाला तर तो कोण भरणार, हे आधी विचारले पाहिजे.

इतिहास पाहा. अर्नाळ्याचा माणूस मुंबईला जायला विरारला लोकल पकडतो. हा मार्ग बीबीसीआय या खासगी रेल्वे कंपनीने बांधला. १८६७ मध्ये विरारहून लोकल सुरू झाली. कंपनीचे भांडवल इंग्लंडमध्ये उभे राहिले आणि त्यावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली. रेल्वेची कमाई कमी पडली तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा, असा करार होता. लंडनचा गुंतवणूकदार निर्धास्त होता, कारण त्याची जोखीम शेतसारा आणि मिठावरचा कर भरणाऱ्या रयतेने उचलली होती.

त्याआधी १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश इथल्याच महसुलातून बांधून दिला होता. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य गेले. तिचे कर्ज आणि हा लाभांश मात्र आपल्या माथी राहिला. बाबासाहेबांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध याच कंपनीच्या प्रशासनावर आणि अर्थकारणावर होता. राज्यकर्त्यांचा हिशेब आपण स्वतः तपासायचा, ही सवय त्यांनी तेव्हापासून लावून घेतली.

आता कंपन्यांचे रोखे. मुंबईची डीएचएफएल ही घरकर्ज देणारी कंपनी. २०१६ मध्ये तिने 'ट्रिपल ए' या सर्वोच्च मानांकनासह सामान्य लोकांना रोखे विकले. जून २०१९ मध्ये तिने रोख्यांवरचे व्याज थकवले. पुढे प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली गेले. सुमारे ८७ हजार कोटींचे दावे होते. २०२१ मध्ये पिरामल समूहाने सुमारे ३४ हजार २५० कोटींना कंपनी घेतली. उरलेला खड्डा पैसे देणाऱ्यांच्या वाट्याला आला. मानांकन म्हणजे एक मत. ती हमी नव्हे.

सरकारी रोख्याचे काय? भारत सरकार कर बसवू शकते आणि कर्ज स्वतःच्याच चलनात फेडते, म्हणून रक्कम बुडण्याची भीती जवळजवळ नाही. पण ७ टक्क्यांचा रोखा घेतल्यावर बाजारात ८ टक्क्यांचे रोखे आले, तर आपल्या रोख्याची किंमत उतरते. मुदतीपर्यंत थांबलात तर दर्शनी रक्कम पूर्ण मिळते. मधेच विकावा लागला तर तोटा होतो. दुसरा धोका महागाईचा. व्याज ७ टक्के आणि महागाईही ७ टक्के, तर हाती काहीच वाढले नाही. बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या खरेदीशक्तीच्या स्थैर्यावर भर दिला होता, तो उगीच नव्हे.

म्हणून सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. पैसे परत करणारा कोण? त्याच्यामागे तारण काय? मुदतीआधी पैसे लागले तर रोखा कोण घेईल? विकणाऱ्याला कमिशन किती? बँकेच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, कंपनीच्या रोख्याला तो नसतो. आणि सरकारी रोखे २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेत १० हजार रुपयांपासून थेट घेता येतात. मध्ये दलाल लागत नाही.

'शिका' या आदेशात व्याजाचा हिशेबही येतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी न विचारता दुसऱ्यांची जोखीम वाहिली. आपण ती विचारून, मोजून आणि झेपेल तेवढीच घेऊ.

जय भीम!