"एवढं होतं तर ती निघाली का नाही?" या प्रश्नाचा दीडशे वर्षांचा हिशेब

(पोस्ट मोठी आहे. दिवाळीच्या आधी वेळ काढून वाचा ही विनंती.)

आपल्या ओळखीत एखाद्या बाईला नवरा मारतो असं कळलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे "टाळी एका हाताने वाजत नाही." यावर आज वेळ घालवत नाही. दुसरं वाक्य जरा सहानुभूतीचं असतं. "एवढं होतं तर ती निघाली का नाही?"

हा प्रश्न विचारणारी माणसं वाईट नसतात. पण त्याचं उत्तर तिच्या धाडसात शोधण्यापेक्षा साध्या हिशेबात शोधायला हवं. निघून जायचं कुठे? पहिल्या रात्रीची रिक्षा, पोरांचं दूध, खोलीचं डिपॉझिट, वकिलाची फी, कोर्टाच्या तारखेला बुडालेली मजुरी, हे सगळं कोण देणार? माहेरी म्हणतात, "आता तेच तुझं घर." सासरच्या घरावर तिचं नाव नाही. हातात आहे ते मंगळसूत्र, आणि तेही बऱ्याचदा गहाण.

महाराष्ट्राचा इतिहास या प्रश्नापाशी उभं राहून वाचला तर वेगळाच दिसतो. भाषणं, ठराव, वाद हे सगळं आपण शाळेत शिकलो. पैसे कुणी दिले, कसे जमवले, कुणासाठी दिले आणि कुणासाठी दिले नाहीत, हे कुणी शिकवलं नाही.

सुरुवात १८६३ पासून करू. पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवेला, बऱ्याचदा घरातल्या किंवा नात्यातल्याच पुरुषाकडून, दिवस जायचे. मग तिच्यापुढे विहीर, नाहीतर मूल मारणं, एवढेच रस्ते उरायचे. फुले दांपत्याने सांगितलं, इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, नाहीतर इथे ठेवा. हे सगळं स्वतःच्या घरात आणि पदरमोड करून. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी पुढे दत्तक घेतला.

यात एक गोष्ट बघा. तिथे येणाऱ्या बाईला चारित्र्याचा दाखला मागितला जात नव्हता. चूक कुणाची, हे आधी ठरवा मग मदत करतो, असं कुणी म्हणत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मुंबई, १८८४. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नव्हत्या. नवरा दादाजी भिकाजी याने बायकोचा ताबा मिळावा म्हणून हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये आदेश आला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

आपल्याला हे धाडस माहीत आहे. पण हायकोर्टातला चार वर्षांचा खटला धाडसावर चालत नाही, त्याला पैसे लागतात. म्हणून मुंबईत त्यांच्यासाठी बचाव समिती उभी राहिली. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दादाजीला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. म्हणजे बाईला नको असलेल्या नवऱ्यापासून सुटायलाही पैसे मोजावे लागले, आणि ते नवऱ्याला! त्यानंतर लंडनला जाऊन वैद्यकीय शिक्षण घेतानाही रखमाबाईंना हितचिंतकांची साथ होती. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले. एका बाईच्या मागे माणसं उभी राहिली तर काय होतं, त्याचं हे उदाहरण.

त्याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. रखमाबाईंच्या खटल्याचा उल्लेख त्यात आहे. पुस्तकाच्या विक्रीतून आणि गावोगावच्या व्याख्यानांतून त्यांनी पैसे उभे केले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली. पद्धत साधी होती. सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा, पण सलग दहा वर्षं द्यायचा, असं वचन.

आज आपण देणगी म्हटलं की एक मोठा चेक आणि त्याच्याबरोबरचा फोटो डोळ्यासमोर आणतो. रमाबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं की ज्या बाईला पुन्हा उभं राहायला चार-पाच वर्षं लागतात, तिला एकदाच मिळालेले हजार रुपये पुरत नाहीत. दरवर्षी येणार याची खात्री असलेला छोटा पैसा जास्त उपयोगी. त्याच भरवशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

पण या पैशाचा दुसरा पैलूही होता. पैसा परदेशातला, रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. पुण्यात संशय होताच. काही मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात यावरून १८९३ मध्ये मोठा वाद पेटला. केसरीने कडक टीका केली, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी माणसं बाहेर पडली आणि पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. वादात कोण बरोबर होतं, यावर आजही भांडण होईल. मला एवढंच विचारायचं आहे. ज्या गावाला परक्यांच्या पैशाचा एवढा राग आला, त्या गावाने तोवर स्वतःच्या खिशातून अशा मुलींसाठी किती काढले होते?

हा प्रश्न मनावर घेतला तो धोंडो केशव कर्व्यांनी. शारदा सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिच्याशी कर्व्यांनी १८९३ मध्ये लग्न केलं आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. गंमत अशी की याच गावच्या भल्यासाठी कर्वे आणि त्यांच्या मित्रांनी आधी 'मुरूड फंड' काढला होता. प्रत्येकाने आपल्या कमाईतला छोटासा हिस्सा त्यात टाकायचा. थेंबे थेंबे पैसा जमवायचं शिक्षण त्यांना तिथे मिळालं.

१८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला, पुढे तो हिंगण्याला गेला. कर्व्यांनी शिल्लक तर घातलीच, आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली. घरच्यांना काय वाटलं असेल, कल्पना करा. फर्ग्युसनमध्ये शिकवायचं, हिंगण्याला पायी जायचं आणि सुट्ट्या लागल्या की वर्गणी मागत गावोगाव फिरायचं.

पण मला जास्त आठवतात त्या पार्वतीबाई आठवले. गोदूबाईंच्या बहीण. ऐन विशीत विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा. आश्रमात शिकल्या, तिथेच काम केलं आणि मग आश्रमासाठी निधी मागायला बाहेर पडल्या. विधवेने सभेत उभं राहून बोलायचं आणि लोकांपुढे हात पसरायचा, हे त्या काळात. चाळिशीच्या आसपास इंग्रजी शिकायला घेतलं आणि १९१८ मध्ये थेट अमेरिकेला गेल्या. तिथे पोटासाठी लोकांच्या घरची कामं केली आणि आश्रमासाठी पैसे जमवले. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं सांगितलंय. जिला मदत मिळाली तीच पुढे मदत मागायला निघाली. निधी संकलनावर आज मोठमोठे कोर्स चालतात, त्यांत पार्वतीबाईंचं नाव असायला हवं.

आणि मग हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी. सुमारे शंभर वर्षं चालत आलेली ही गोष्ट आहे. दिवाळीत भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, तशी एक ओवाळणी ज्या बहिणीला कुणी नाही तिच्यासाठी. कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन घरोघर जायचे आणि लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे द्यायचे. माहेर तुटलेल्या बाईला सगळ्या गावाने माहेर व्हायचं, ही कल्पना आपल्याच सणात, आपल्याच भाषेत मांडलेली. म्हणून ती टिकली.

इथपर्यंत वाचून छाती फुगली असेल तर जरा थांबा. या हिशेबात एक मोठी खोट आहे.

रखमाबाई सोडल्या तर वरचा बहुतेक पैसा विधवांसाठी होता. त्यातही कर्व्यांच्या आश्रमाचं दार सुरुवातीला वरच्या जातींपुरतंच उघडं होतं. विधवेची दया यायची, कारण तिचा नवरा मेलेला असायचा आणि दोष नशिबावर टाकता यायचा. पण जिचा नवरा जिवंत आहे, कमावता आहे, गावात त्याला मान आहे आणि घरी येऊन तो पट्ट्याने मारतो, तिचं काय? तिला पैसे द्यायचे तर नवऱ्याला नावाने दोषी म्हणावं लागतं. ते कुणालाच नको होतं. तो 'घरगुती मामला'. म्हणून तिच्यासाठी ना फंड निघाला ना पावतीपुस्तक. रखमाबाईंची बाजू घेणाऱ्यांनाही शिव्या खाव्या लागल्या त्या याचमुळे.

ही गाठ सुटायला जवळपास शंभर वर्षं लागली. १९८२ मध्ये पुण्यात विवाहित तरुणींच्या संशयास्पद मृत्यूंनी शहर हादरलं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच सुरू केला. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन घेऊन कार्यकर्त्या गावोगाव फिरल्या. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका रडत आपलंच सांगायला लागल्या. त्यातून 'बोलते व्हा' हे केंद्र उभं राहिलं. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत प्रशिक्षित समाजसेविका बसली. पुढे हे काम राज्य सरकारने उचललं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेलं. १९८३ मध्ये ४९८अ कलम आलं आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. मारहाणच नाही, तर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती आणि पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसा आहे, हे या कायद्याने मान्य केलं. घर तिच्या नावावर नसलं तरी तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला.

मग आता अडचण काय? कायदा म्हणतो की पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात तारखा किती लांबतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. आदेश हातात पडेपर्यंतचे महिने ती कशावर काढणार? कायद्यात हक्क आहे, पण रिक्षाचे पैसे नाहीत. झेरॉक्सचे नाहीत, खोलीच्या डिपॉझिटचे नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात लग्न झालेल्या चार बायकांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. आणि देशभरात हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी मदत मागणाऱ्या फक्त चौदा. उरलेल्या का मागत नाहीत, ते वरच्या हिशेबात आलंच आहे.

म्हणून या दिवाळीत आपल्या गावापुरतं, सोसायटीपुरतं एवढं करता येईल:

१. वर्षातून एकदा हजार देण्यापेक्षा दरमहा शंभर द्या, पण तीन वर्षं द्या. रमाबाईंची पद्धत. बचत गट, भिशी, कट्टा, कुठेही हे जमतं.

२. पैसे तुमच्या जिल्ह्यात हे काम खरंच करणाऱ्या संस्थेला द्या. आधी जाऊन बघा, हिशेब मागा, पावती घ्या. पण तिथल्या बायकांची नावं मागू नका, पत्ता विचारू नका, फोटो काढू नका. एका फोटोवरून नवरा दारात येऊन उभा राहू शकतो.

३. तिची चूक होती का, हे विचारू नका. फुल्यांनी १८६३ मध्ये विचारलं नव्हतं.

४. पैसे नसतील तर खोली, शिलाई मशीन, कोर्टाच्या दिवशी पोरं सांभाळणं, नोकरीसाठी एक शब्द, काहीही चालेल. यातल्या एकेका गोष्टीवर बाईचं परत जाणं किंवा न जाणं ठरतं.

५. हे नंबर मोबाईलमध्ये ठेवा. महिला हेल्पलाईन १८१, तातडीची वेळ असेल तर ११२. सरकारच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवसांचा निवारा मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

भाऊबीजेला बहिणीच्या ताटात ओवाळणी घालताना एक पाकीट बाजूला काढा. ती बहीण कोण, हे आपल्याला कधी कळणार नाही, आणि कळू नये. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "एवढं होतं तर ती निघाली का नाही?" तर त्याला विचारा, "ती निघाली असती, तर तू किती दिले असतेस?"

पटलं तर शेअर करा. नावासकट करा, नावाशिवाय करा, चालेल. आणि तुमच्या तालुक्यात असं काम करणारी संस्था माहीत असेल तर खाली तिचं नाव लिहा, म्हणजे ज्याला द्यायचं आहे त्याला शोधत फिरावं लागणार नाही.