जुनी जावा घेताना

जुनी जावा विकत घेऊन ती पुन्हा उभी करायला निघालेला माणूस आधी टाकी बघतो. क्रोम किती उरलंय, बाजूचे रबरी पॅड आहेत का. मी म्हणतो, आधी आरसी बुक मागा. का, ते समजायला म्हैसूरला जायला हवं.

१९६१ साली म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. उद्योग इराणी कुटुंबाचा, परवाना चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचा आणि उद्घाटन जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन! गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की किक व्हायची. नवख्याची हमखास फजिती. १९७३ पासून टाकीवर ‘येझदी’ हे नाव आलं. आतलं यंत्र बरंचसं तेच राहिलं.

सगळी गोम इथे आहे. यंत्र फारसं बदललं नाही, म्हणून एका गाडीचे पार्ट दुसरीला बसायचे. पुण्यात काय, बेळगावात काय, जावाचं इंजिन बसलं की मेकॅनिक सरळ येझदीचं चढवायचा. मालकाला गाडी चालण्याशी मतलब. पण तीच न बदलण्याची सवय कारखान्याला भोवली, असं मला वाटतं. १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि लोक मायलेजची भाषा बोलू लागले. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. कामगारांच्या हातातली विद्या तेवढी गावातल्या गॅरेजांमधून टिकली.

आता पैशांचं. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, रोजच्या वापराला मात्र नाही. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे साठच्या दशकातली जावा घेतलीत आणि पोटात येझदीचं इंजिन निघालं, तर अडकलात.

म्हणून जाताना पेन्सिल आणि पातळ कागद न्या. चासी नंबर आणि इंजिन नंबर, दोन्हींवर कागद ठेवून ठसा घ्या, आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. नंबर घासल्यासारखा दिसला, तर क्रोम कितीही चमकू दे, चहा प्या आणि घरी या.