दिढी, व्याज आणि छपराचे पत्रे

नायसियाची धर्मपरिषद म्हटली की आपल्याला विश्वासांगीकार आठवतो. रविवारच्या मिस्सेत आपण जो म्हणतो त्याचा पाया इ. स. ३२५ मध्ये तेथे घातला गेला. २०२५ साली त्या घटनेला १७०० वर्षे पूर्ण झाली. परंतु त्याच परिषदेने केलेल्या वीस नियमांपैकी सतराव्या नियमाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. जो धर्मसेवक व्याजाने पैसे देईल किंवा दिलेल्याचे दीडपट वसूल करील, त्याला पदावरून दूर करावे, असा तो नियम आहे. ‘दीडपट’ या शब्दाशी मी थबकलो. पेरणीच्या वेळी पोतेभर धान्य न्यायचे आणि सुगीला दीड पोते परत करायचे, ही आपल्याकडची दिढी. बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना तिची ओळख करून द्यायला नको.

वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परिषदेने हा नियम प्रथम आपल्याच घराला लावला. सावकारी करणारे धर्मगुरू त्या काळी होते, म्हणून तर तो करावा लागला.

पुढे याच शतकात कप्पदोकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मोठा दुष्काळ पडला. इ. स. ३६९ च्या सुमारास केसरिया नगरीत संत बाझिल यांनी धनिकांना कोठारे उघडायला लावली आणि भुकेल्यांना अन्न वाटले. व्याजावरील त्यांचे प्रवचन पंधराव्या स्तोत्राच्या आधारे केलेले आहे. ग्रीक भाषेत अपत्य आणि व्याज यांना एकच शब्द आहे, तोकोस. त्यावरून संत बाझिल म्हणतात की, ससा पिलांना पाजता पाजताच पुन्हा गाभण राहतो, तशी सावकाराच्या पैशाची वीण असते. त्या काळी व्याज महिन्याचे असे आणि नवा महिना उगवला की ऋणकोच्या पोटात गोळा येई. आपल्या गावातील ‘शेकडा पाच’ हेही महिन्याचेच, म्हणजे वर्षाला साठ. बापाच्या कर्जापायी मुले बाजारात विकायला उभी केलेली संत बाझिल यांनी पाहिली होती. मिलानचे संत अँब्रोज तर सांगतात की, कर्ज फिटेपर्यंत ऋणकोचे प्रेतही पुरू दिले जात नसे.

याच प्रवचनात ते गरिबालाही बजावतात की कर्ज काढू नकोस; मुंगी आणि मधमाशी कुणाकडे उसने मागत नाहीत. इथे मात्र माझे मन त्यांच्याशी सहमत होत नाही. मृग बरसला की सरकी त्याच आठवड्यात जमिनीत जावी लागते. बँकेने पाठ फिरवलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला मुंगीचा दाखला देऊन काय उपयोग?

आपल्या भाषेतही एक मौज आहे. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट. म्हणूनच आपण निर्व्याज प्रेम म्हणतो. कर्ज देताना सावकार शेताचे खरेदीखत करून घेतो. कागदावर विक्री, प्रत्यक्षात तारण. याला ‘व्याज’ न म्हणावे तर काय म्हणावे?

२००६ साली आपल्याच जिल्ह्यात हा प्रश्न राजसत्तेच्या दारापर्यंत गेला. खामगावच्या एका आमदाराच्या कुटुंबातील सावकारीविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. तक्रार आधी जिल्हा समितीपुढे ठेवावी, सरकारी वकिलाचे मत घ्यावे, मगच गुन्हा नोंदवावा, अशी सूचना तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना दिली. ही सूचना १ जूनची. १ जुलैला पंतप्रधानांनी बुलढाण्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत घोषित केली! एका शेतकऱ्याने न्यायालयात दाद मागितली. उच्च न्यायालयाने शासनाला २५ हजार रुपये भरायला लावले. १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम १० लाख केली. पुढे २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने, अवैध सावकारीत बळकावलेली जमीन परत करण्याचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना मिळाला. असो.

शासनाविषयी लिहिणे सोपे आहे. तिसऱ्या शतकातील सिरियामध्ये लिहिलेला ‘दिदास्कालिया’ नावाचा ग्रंथ धर्मगुरूलाच धारेवर धरतो. व्याजखोराचे दान घेऊन विधवांना जेवू घालू नये, त्यापेक्षा उपाशी राहणे बरे, असे तो सांगतो. बँकेचे रास्त व्याज पाप आहे असे आज ख्रिस्तसभा म्हणत नाही, हे खरे. पण गरजवंताची अडचण पाहून लावलेले व्याज तेव्हाही पाप होते आणि आजही आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका उपकेंद्रातील प्रार्थनामंदिरावर नवे पत्रे टाकायचे होते. एका श्रद्धावंताने सर्व खर्च उचलला. मी मिस्सेनंतर त्याचे नाव घेऊन आभार मानले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी संध्याकाळी एक विधवा बहीण आली. तिच्या यजमानांनी याच गृहस्थाकडून शेकडा पाचने रक्कम घेतली होती आणि दोन एकरांचे खरेदीखत करून दिले होते. ‘‘फादर, तुम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा मी पण वाजवल्या,’’ एवढेच ती म्हणाली.

त्या गृहस्थाकडे मी तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा त्याने चहा दिला. दुसऱ्यांदा, कागद पक्का आहे, असे म्हणाला. तिसऱ्यांदा मी पत्र्यांची किंमत पाकिटात घालून नेली होती. ती धर्मग्रामाच्या पेटीतली नव्हती, माझ्या जवळची होती. पाकीट त्याने घेतले नाही. उपनिबंधकांच्या कार्यालयात करायचा अर्ज आता त्या बहिणीने भरला आहे आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.