सरळ रेषेसाठी ऐंशी वर्षे

एखादा हट्टी माणूस वठणीवर आला की तो ‘सुतासारखा सरळ’ झाला, असे आपण म्हणतो. या बोलण्यात सुताराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठवलेला आहे. लांब फळीवर रेघ मारावयाची तर सुतार पट्टी शोधीत बसत नाही. रंगात बुडविलेले सूत तो दोन्ही टोकांशी ताणून धरतो, मध्ये किंचित उचलून सोडतो, आणि रेघ उमटते. परंतु या सुताला एक मर्यादा आहे. ते ओढू शकते. ढकलू शकत नाही. एवढ्याशा उणिवेपायी युरोपातील यंत्रविद्येपुढे एक प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे पुरे उत्तर सापडण्यास ऐंशी वर्षे लागली. त्या ऐंशी वर्षांची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

इंग्लंडात न्यूकमेनचे वाफेचे इंजिन 1712 साली खाणीतील पाणी उपसू लागले. त्यात एक भली मोठी तुळई मध्यावर टेकून तराजूच्या दांडीसारखी वरखाली होई. तिच्या एका टोकाला साखळीने सिलिंडरातील दट्ट्या टांगलेला असे. दट्ट्या खाली जाताना तुळईला ओढी, आणि ओढण्यापुरती साखळी उत्तम होती. पुढे जेम्स वॅटने दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ सोडण्याची युक्ती काढून 1782 साली तिचे पेटंट घेतले. आता दट्ट्या तुळईला ओढणार तसा ढकलणारही होता. साखळी निरुपयोगी झाली. तेथे ताठ दांडा हवा. पण दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत वरखाली होतो, आणि तुळईचे टोक फिरते वर्तुळाच्या कमानीत. दोघांना तसेच जखडले, तर दांडा वाकणार किंवा सिलिंडराचे तोंड झिजणार. सरळ आणि वाकड्याची ही सोयरीक जमवावयाची कशी?

वॅटने 1784 साली जे उत्तर काढले, ते पाहून आजही कौतुक वाटते. समोरासमोर दोन दांडे घ्यावे. प्रत्येकाचे एक टोक स्थिर खिळीवर फिरावे आणि मोकळी टोके एका आखूड दांड्याने जोडावी. एक टोक डावीकडे झुकते तेव्हा दुसरे उजवीकडे झुकते; आखूड दांड्याच्या मधल्या बिंदूपाशी दोघांचा वाकडेपणा एकमेकांस खाऊन टाकतो, आणि तो बिंदू बऱ्याच अंतरापर्यंत जवळजवळ सरळ चालतो. उतारवयात वॅटने आपल्या मुलास लिहिले, की आपल्या सर्व यांत्रिक शोधांत या शोधाचा आपल्याला सर्वाधिक अभिमान वाटतो.

‘जवळजवळ सरळ’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. कारखान्याचे काम तेवढ्याने भागले; जिज्ञासेचे भागले नाही. कंपासाने आपण वर्तुळ काढतो, तेव्हा आधी तयार वर्तुळ जवळ असावे लागत नाही. सरळ रेषा मात्र आपण पट्टीच्या कडेने गिरवतो. मग ती पट्टी सरळ कशावरून? तिच्यापूर्वीच्या पट्टीवरून, आणि ती पहिली पट्टी? म्हणजे रेषा ‘काढणे’ असे आपण ज्याला म्हणतो, ते वस्तुतः नक्कल करणे होय! कंपासासारखे केवळ दांडे आणि खिळी यांचे, अस्सल सरळ रेषा काढणारे साधन असू शकते काय?

या प्रश्नाने सेंट पीटर्सबर्गचे थोर गणिती चेबिशेव्ह यांना पछाडले. वॅटच्या जोडणीतील चूक कमीत कमी कशी करता येईल याचा शोध घेताना त्यांनी 1854 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातून अवघड राशींची किंमत सोप्या राशींनी अदमासण्याचे एक नवे शास्त्र उभे राहिले. पण अचूक रेषा त्यांच्याही हाती आली नाही.

ती आली पोसेलिए या फ्रेंच सैन्यातील अभियंता अधिकाऱ्याच्या हाती. 1864 साली एका गणितविषयक नियतकालिकात त्याचे छोटेसे पत्र छापून आले आणि कोणाचे लक्ष न जाता पडून राहिले. 1871 साली चेबिशेव्ह यांच्याच परिवारातील तरुण लिपकिन याने तीच रचना स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केली. रशियन सरकारने लिपकिनला पारितोषिक दिले, तेव्हा कुठे फ्रान्सला आपल्या माणसाची आठवण झाली आणि पोसेलिएलाही सन्मान मिळाला.

ही रचना केवळ सात दांड्यांची आहे. तीन-तीन इंच लांबीच्या चार दांड्यांचा समभुज चौकोन करावा. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोनांना पाच-पाच इंचांचे दोन दांडे जोडून त्यांची दुसरी टोके एका स्थिर खिळीत अडकवावी. आता उरलेल्या दोन कोनांची त्या खिळीपासूनची अंतरे मोजा. चौकोन कसाही हलवा, त्या अंतरांचा गुणाकार 16 च येतो : जवळचे अंतर 3.2 इंच, तर दूरचे 5, जवळचे 2.5, तर दूरचे 6.4. सातवा दांडा जवळच्या कोनाला अशा वर्तुळावर फिरवतो, की जे त्या स्थिर खिळीतूनच जाते. तसे केले की दूरचा कोन सरळ रेषेवर चालतो. जवळजवळ नव्हे, तंतोतंत.

चेबिशेव्ह यांच्याकडून ही वार्ता कळताच सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने जानेवारी 1874 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तिच्यावर व्याख्यान दिले. लॉर्ड केल्व्हिनसारखा शास्त्रज्ञ तिचा नमुना हातात घेऊन बसला, तो परत देईना! पार्लमेंटच्या इमारतीत हवा खेळविणाऱ्या इंजिनांना ही जोडणी बसविण्यात आली. 1876 साली केंप या, व्यवसायाने वकील असलेल्या, गणितप्रेमी गृहस्थाने विज्ञानशिक्षकांपुढे याच विषयावर व्याख्यान दिले; वर सांगितलेला पट्टीचा पेच त्याने तेथेच मांडला.

पण दैवाची थट्टा अशी, की तोवर कारखान्यांना या उत्तराची फारशी गरज उरली नव्हती. रिचर्ड रॉबर्ट्‌सने 1817 साली धातू रंधणारे यंत्र बनविले होते. तीन पाटे आळीपाळीने एकमेकांशी ताडून, उंचवटे खरवडून, कोणत्याही नमुन्यावाचून सपाट पृष्ठे सिद्ध करण्याची रीत व्हिटवर्थने 1840 साली विद्वानांपुढे मांडली होती. पहिली पट्टी कोठून आणावी, याचे कारागिराचे उत्तर हेच. सपाट पट्ट्यांमधून दांडा सरळ सरकविणे सोपे झाले, आणि पोसेलिएची जोडणी बहुतांशी काचेच्या कपाटात गेली.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणावयाचा काय? आम्हांस तसे वाटत नाही. वॅटच्या अपुऱ्या रेषेपायी जन्मलेले चेबिशेव्ह यांचे गणित आजच्या संगणकांतील आकडेमोडीस उपयोगी पडते. गणितातील बीजसमीकरणांनी दाखविता येणारी कोणतीही वक्ररेषा, तिचा हवा तेवढा तुकडा, दांड्यांच्या जोडणीने काढता येतो, असे केंपने 1876 साली प्रतिपादिले. त्याच्या सिद्धतेतील उणिवा दूर करणारी पुरी सिद्धता 2002 साली प्रसिद्ध झाली, आणि यंत्रमानवाचे सांधेदार हात कोठवर पोहोचतील या विचाराशी तिचे जवळचे नाते आहे. वॅटची मूळ जोडणीही काही मोटारींच्या मागील आसाला जागेवर धरून ठेवते.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो विचारणाऱ्याने थोडी कळ सोसली पाहिजे. कारखान्याने प्रश्न दिला आणि गरज भागताच तो पुढे निघून गेला. विद्येने तो प्रश्न टाकला नाही. जे ‘जवळजवळ’ वर थांबले, त्यांनी इंजिने चालविली, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. जे थांबले नाहीत, त्यांनी पुढच्या पिढ्यांची तरतूद करून ठेवली. समाजाला दोघेही हवेत. आणि दुसऱ्यांना वेड्यात काढण्याची घाई त्याने करू नये, एवढेच या सात दांड्यांचे सांगणे आहे.