कोणतं पिंपळगाव?

बुलढाणा जिल्ह्यात पार्सलवर नुसतं 'पिंपळगाव' लिहून भागत नाही. पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात, पिंपळगाव काळे जळगाव जामोदकडे, पिंपळगाव देवी मोताळ्यात आणि पिंपळगाव सराई बुलढाण्याकडे, सैलानीच्या वाटेवर. तीन घाटाखाली, एक घाटावर. पिंपळगाव चुकलं की डिलिव्हरीवाला राजूर घाट उगाच चढतो, वर पेट्रोल त्याच्याच खिशातून.

एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ठेवता येत नाहीत, हे आम्हा कोड लिहिणाऱ्यांना पहिल्याच वर्षी कळतं. गावांना ते केव्हाच कळलं होतं. जोडगावं असली की एक बुद्रुक, एक खुर्द. फारसीत बुजुर्ग म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान. खानदेशातल्या जळगावशी घोळ नको म्हणून इथल्या जळगावला शेजारच्या जामोदचं नाव जोडलं. सिंदखेड राजा लखुजी जाधवांचं, जिजाऊंच्या जन्माचं. मोताळा तालुक्यातलं सिंदखेड वेगळं, ते लपालीच्या आधाराने ओळखायचं.

गाव सापडलं तरी घर उरतंच. पूर्वी हा प्रश्न माणसाच्या पायांवर सोडवला जाई, आणि ती माणसं ठरलेली होती. वाट दाखवणं, निरोप पोचवणं, सरकारी माणसाचं सामान पुढच्या गावापर्यंत वाहून नेणं, शिवेचा वाद आला की हद्द दाखवणं ही कामं गावोगावी महारांकडे असत. गावचा सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात, आणि राहायला जागा गावकुसाबाहेर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच राबवणुकीच्या विरोधात. वतन संपवणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. 'जुन्या काळी कोणीही पत्ता सांगायचं' असं कौतुकाने म्हणताना सांगणारा कोण होता, हे आपण सोयीस्कर विसरतो.

मग आला पिन. सारख्या नावांची गावं, चुकीचे पत्ते आणि पत्रांवरच्या नाना लिप्या यांवर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. (इतका रुक्ष आकडा कवीच्या डोक्यातून निघाला याची मला अजून गंमत वाटते.) पहिले तीन आकडे वर्गवारीच्या केंद्राचे, पुढचे तीन टपाल कार्यालयाचे. म्हणून बुलढाणा शहराचा पिन ४४३ ने सुरू होतो, तर त्याच जिल्ह्यातल्या खामगाव-शेगावचा ४४४ ने, अकोल्यासारखा. टपालाला जिल्ह्याच्या हद्दीशी देणंघेणं नाही. पण एका पिनखाली कित्येक गावं येतात. पिन थैलीला कार्यालयापर्यंत आणतो. तिथून पुढे डाकसेवकाची सायकल.

त्याच्यामागून आलेला डिलिव्हरीवाला रोज बदलतो. तो पारावर नाव विचारतो, तर उलट प्रश्न येतो: "कोणाचे?" म्हणजे आडनाव सांग. गावात आडनावावरून आळी कळते आणि आळीवरून जात. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पण पाटीवर नवं नाव लागलं तरी पारावरचा म्हातारा बोट दाखवताना जुनंच घेतो. पार्सल बरोबर पोचतं. ज्याचं आहे त्याला ते नाव ऐकावं लागतं.

रस्त्यांची कथा वेगळी. तलाठ्याकडच्या गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने, पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवतात. फोनमधल्या नकाशाला असा फरक नेहमी कळतोच असं नाही. त्याला जवळचा रस्ता हवा, आणि जवळचा रस्ता बऱ्याचदा पांदण असतो. मार्चमध्ये तिथून ट्रॅक्टर जातो. ऑगस्टमध्ये काळी माती चाकाला अशी धरते की मडगार्ड काढावं लागतं. नकाशात मार्च आणि ऑगस्ट एकच.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला: दहा अक्षरं-आकडे, आणि देशभराचे साधारण चार बाय चार मीटरचे चौकोन. आता प्रत्येक पिंपळगावातल्या प्रत्येक ओट्याला स्वतःचा क्रमांक आहे, आळी न विचारता. यातलं मला सगळ्यात आवडलेलं हेच. तिथपर्यंत कुठल्या वाटेने जायचं, ते मात्र अजून फाट्यावरचा चहावालाच सांगतो: "तिकून नोको जाऊ भाऊ, गाडी फसन."