सोळा आण्यांचा हिशोब

परवा आईशी फोनवर बोलताना भाजीचा विषय निघाला. "चार-आठ आण्यांसाठी त्या भाजीवालीशी घासाघीस करवत नाही गं आता," ती म्हणाली. मला हसूच आलं. चार आणे म्हणजे २५ पैसे. ते नाणं जून २०११ अखेर चलनातून बाद झालं. आणि आणा म्हणाल तर तो १९५७ सालीच गेला! आईच्या तोंडी मात्र तो अजून खणखणीत वाजतो.

मग डोक्यात तेच सुरू झालं. नाणी मरतात, शब्द मरत नाहीत. दमडीच घ्या. ग्रीकांचा द्राख्मे आपल्याकडे द्रम्म झाला, द्रम्माचा दाम झाला. अकबराच्या काळात रुपयाला ४० दाम आणि दामाच्या आठव्या हिश्श्याला दमडी, म्हणजे रुपयाला ३२० दमड्या. ती दमडी आपल्यापैकी कुणीच पाहिलेली नाही, पण "दमडीची अक्कल नाही" हे बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं असतं. कवडी बाजारातून गेली, कवडीमोल राहिलं. एखाद्याचं डोकं जरा कमी चालत असेल तर त्याला "पावली कम" म्हणतात. पावली म्हणजे चार आण्यांचं नाणं, तेव्हा बिचाऱ्याचा रुपया बारा आण्यांवरच अडला!

दशमान पद्धतीच्या आधीचा हिशोब असा होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाला ६४ पैसे किंवा १९२ पै. आज हे ऐकून डोकं गरगरतं, पण त्यात एक शहाणपण होतं. सोळाचे अर्धे, पाव, आठवा भाग न अडखळता होतात: अधेली, पावली, चवली. लिहिताना एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आणे आडव्या रेघांनी. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, अगदी साडेतीनाची औटकीसुद्धा घोकून घेत, ती उगीच नव्हे. पावणेदोन शेर डाळीचे किती झाले, हे दुकानदाराच्या आधी गिऱ्हाईकालाही कळायला हवं ना.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ('नवे' हे विशेषण १९६४ साली गळलं.) आता एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वा पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असा तक्ता ठरला. म्हणजे एकेक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर २४ पैसे, एकदम घेतली तर २५. या एका पैशावरून दुकानोदुकानी काय वाद झाले असतील, याची कल्पना करा.

शंभर मोजायला सोपे, पण शंभराचे तीन सारखे भाग होत नाहीत. १९२ चे होतात. एक तृतीयांश रुपया म्हणजे बरोबर पाच आणे चार पै, ना कमी ना जास्त. हे मी पुस्तकात शिकले नाही, आमच्या घरच्या वाटणीपत्रात शिकले.

आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ यांच्यात १९५२ साली जमिनीची वाटणी झाली. तो कागद पुष्कळ वर्षांनी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडला. प्रत्येकाच्या नावापुढे 'पाच आणे चार पै' आणि खाली बेरीज 'सोळा आणे'. किती नेटका हिशोब, असं आम्ही मुलं कौतुकानं म्हणत होतो. आजोबांची धाकटी बहीण, आमची ताईआजी, तेव्हा घरी आली होती. तिनं चष्मा लावून कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "चौघांत वाटले असते तर पावली-पावली आली असती. पैची भानगडच उरली नसती."

बस, एवढंच. मग ती चहा ठेवायला आत गेली.

तोपर्यंत माझ्यासाठी 'सोळा आणे' म्हणजे पूर्ण, अस्सल, खरं. त्या दिवशी कळलं की बेरीज सोळा आणे भरली म्हणजे हिशोब पूर्ण झाला असं नाही. मोजायला कोणाला घेतलं, ते आधी बघायचं. मुलींना समान वाटा देणारी कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली आली. १९५२ च्या त्या कागदाला तिचा काही उपयोग नव्हता.

गावाकडे पिकाचा अंदाजही आण्यांतच करत, ती आणेवारी. पूर्ण पीक सोळा आणे. आता तिला पैसेवारी म्हणतात, आणि ती ५० पैशांच्या वर गेली की खाली राहिली, यावर दुष्काळाच्या सवलती मिळणार की नाही हे वर्षानुवर्षं ठरत आलं. म्हणजे ज्या आठ आण्यांत आज गोळीही मिळत नाही, त्याच आठ आण्यांवर अख्खं गाव डोळे लावून बसायचं.

असो. आईला मी आण्यांवरून चिडवलं, तर ती म्हणाली, "आणे गेले असतील, हिशोब नाही गेला."

ताईआजी हेच म्हणाली असती. आता ती नाही. तो कागद मात्र मी जपून ठेवलाय.