श्रीनगर : माझ्या नकाशातले आणि नदीकाठचे

आजच्या भागात श्रीनगर.

नव्वदच्या दशकात मी कॅप्टन होतो, मुक्काम बदामीबाग छावणीत. जुन्या शहराच्या नाक्यानाक्यावर बीएसएफचे मोर्चे असत, आम्ही बहुधा काफिल्याबरोबर बाहेरून निघून जायचो. माझ्या नकाशावर हब्बा कदल, फतेह कदल, झैना कदल ही नावे लाल पेन्सिलीने अधोरेखित होती. अर्थ एकच, इथे सावध राहा. ‘कदल’ म्हणजे पूल, हे मी दोन महिने कुणाला विचारलेसुद्धा नाही!

आणखी एक कबुली देतो. छावणीतच पांद्रेठणचे छोटे दगडी मंदिर आहे. पांद्रेठण म्हणजे पुराणाधिष्ठान, जुनी राजधानी. अशोकाने वसवलेली श्रीनगरी ती इथली, असे अभ्यासक मानतात. सहाव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने थोडे पुढे नवे नगर वसवले, तेच आजचे जुने शहर. त्या मंदिरावरून मी रोज जीपने जात होतो. पुस्तके हाती आली ती निवृत्तीनंतर.

त्यात मला सर्वांत आवडला तो सुय्य. कल्हणाने बाराव्या शतकात लिहिलेल्या राजतरंगिणीत त्याची हकिगत आहे. नवव्या शतकात, अवंतिवर्म्याच्या काळात, वितस्तेचे पात्र दरडींच्या दगडांनी तुंबले होते. शेते पाण्याखाली, लोक उपाशी. सुय्य राजाकडून नाण्यांनी भरलेली भांडी घेऊन निघाला आणि त्याने मुठी भरभरून नाणी नदीत फेकली. लोकांना वाटले, डोके फिरले याचे. पण भुकेली माणसे नाण्यांसाठी पाण्यात उतरली आणि दगड उपसून काठावर टाकू लागली. पात्र मोकळे झाले. मग त्याने बांध घालून सात दिवस नदी अडवली, तळ साफ केला आणि पाणी सोडले. दोनशे दिनारांना मिळणारी भाताची खारी छत्तीसवर आली, असे कल्हण सांगतो. आमच्या इंजिनीअर रेजिमेंटच्या मंडळींना मी ही गोष्ट नेहमी ऐकवतो. सोपोर या गावाच्या नावात सुय्य अजून आहे.

पंधराव्या शतकातला सुलतान झैन-उल-आबिदीन त्याच परंपरेतला. त्याने कालवे काढले, कारागीर जोपासले, आणि त्याच्या दरबारात जोनराजाने राजतरंगिणी संस्कृतातच पुढे लिहिली. झैना कदलजवळ त्याच्या आईची कबर आहे. वर विटांचे घुमट, खाली जुन्या देवळाचा दगडी चौथरा. तिथे मी बराच वेळ उभा होतो. हा चौथरा पाहून कुणाला अभिमान वाटतो, कुणाला जखम आठवते. मला दोन्ही कळते.

त्याच सुलतानाचा नाला मार हा कालवा शहराच्या मधून वाहत होता. १९७०च्या दशकात तो बुजवून वर रस्ता केला. १९९० साली काश्मिरी पंडितांना घरे सोडून जावे लागले. हब्बा कदलच्या गल्ल्यांतून चालताना लाकडी खिडक्यांची बंद घरे दिसली, काहींची छपरे आत कोसळलेली. त्या काळात मी तिथून दोन-तीन मैलांवर होतो. ज्या घरांतून माणसे गेली ती आमच्या अहवालांत फक्त ‘रिकामी घरे’ होती. हा शब्द मीही लिहिला आहे.

मग सप्टेंबर २०१४. झेलम, म्हणजे तीच वितस्ता, काठ सोडून शहरात शिरली. राजबाग, जवाहरनगर, लाल चौक पाण्यात गेले. आमच्या बदामीबागेतही पाणी होते. लाल मंडीतले श्री प्रतापसिंह संग्रहालयही बुडाले. पाणी मुरवणाऱ्या दलदली भरून त्यांवर वस्त्या उठल्या होत्या. नाणी फेकायला या वेळी सुय्य नव्हता.

माझा शेवटचा थांबा होता हरिसिंह हायस्ट्रीट. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडचे गलाई कारागीर देशभर सोने गाळतात, तसे इथेही आहेत. एका दुकानात मराठी ऐकू आले म्हणून आत शिरलो. मी फौजेतला आहे हे त्याने बुटांवरून ओळखले असावे. चहा मागवला आणि भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर हात ठेवून म्हणाला, “सायेब, हितपतूर पाणी आल्तं.” “मग गावी गेला असाल?” मी विचारले. “गेल्तो की. म्हैनाभर. पुन्हा आलो, भट्टी पेटवली.” मग तो गणपतीची वर्गणी मागू लागला.